जर्मनीत रूम पार्टनर निवडताना : गावाकडून निघणाऱ्यांसाठी

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यातून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाने बहुधा त्याआधी अमरावतीला किंवा नागपूरला दोघातिघांत खोली केलेली असते. तिथे पार्टनर शोधावा लागत नाही, कारण तो गावचा, नात्यातला नाहीतर कॉलेजातला असतो, आणि नाहीच पटले तर शनिवारी एसटीने घर गाठता येते. जर्मनीतल्या लाइपझिग शहरातून ती सोय नसते, त्यामुळे तिथला पार्टनर चौकशी करूनच निवडावा लागतो.

ही चौकशी गाव आणि आडनाव विचारून सुरू करू नये. आडनावावरून माणूस ताडण्याची आपल्याकडची रीत अन्यायाची आहेच, शिवाय ती निरुपयोगीही आहे. समोरचा भांडी त्याच रात्री घासतो की चार दिवस सिंकमध्ये ठेवतो, हे तिच्यातून कळत नाही. मी माझा पहिला पार्टनर केवळ वऱ्हाडी बोलतो म्हणून निवडला होता. त्याची रात्रपाळी असे आणि माझे वर्ग सकाळी आठला भरत. चार महिने आम्ही अस्सल वऱ्हाडीत भांडलो, एवढाच त्या भाषेचा उपयोग झाला.

विद्यापीठातल्या आधीच्या तुकडीकडून नावे मिळाली की प्रत्येकाशी व्हिडिओ कॉलवर निवांत बोलावे आणि आधी दिनक्रम विचारावा. तिथली घड्याळे उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात, म्हणजे वडिलांनी शेतावर जाण्याआधी पहाटे पाचला फोन केला, तर तिथे उन्हाळ्यात रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेला असतो. बहुतेक इमारतींत रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, तेव्हा घरच्यांना वेळ आधीच सांगून ठेवावी.

स्वयंपाकाबद्दल मात्र संकोच न करता सविस्तर बोलावे, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घरे त्यावरूनच मोडली. गावाकडे अनेक घरांत मटण अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजते. जर्मनीत शेगडी एक, फ्रिज एक आणि थंडीत खिडक्या बंद असतात. त्यामुळे ‘नॉनव्हेज चालते का’ एवढे विचारणे पुरेसे नाही. गोमांस किंवा डुकराचे मांस त्याच फ्रिजमध्ये ठेवलेले चालेल का, कढई वेगळी लागेल का, सावजी मसाल्याचा वास समोरच्याला सोसेल का, हे स्पष्ट विचारावे आणि आपलीही उत्तरे खरी द्यावीत. घरांत धुराचा अलार्म बसवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मिरचीची फोडणी जळली की तोही मत नोंदवतो.

पैशांचे आणि कागदांचे नियम थोडे, पण पक्के आहेत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि तिला घरमालकाचे किंवा घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते. ‘राहा, पण नोंदणी करू नका’ असे कोणी म्हटले, तर खोली कितीही स्वस्त असो, ती सोडावी. पार्टनर स्वतः भाडेकरू असून आपल्याला पोटभाडेकरू ठेवत असेल, तर मालकाची परवानगी आधी पाहावी. अनामत काल्टमीटेच्या, म्हणजे वीज, हीटिंग वगैरेंचा खर्च सोडून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या, तीनपटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरता येते. रेडिओ-दूरदर्शनचे दरमहा १८.३६ युरो शुल्क माणशी नसून घरटी आहे, ते वाटून घ्यावे.

करारावर दोघांच्या सह्या असतील, तर बचत गटाच्या कर्जासारखी जबाबदारी सामाईक होते आणि मालक पूर्ण भाडे दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. असा करार एकट्याने मोडताही येत नाही; सोडण्याची नोटीस दोघांनी मिळून, साधारणतः तीन महिने आधी द्यावी लागते. म्हणून शक्य असल्यास आधी दोन-तीन महिन्यांसाठी तात्पुरती खोली घ्यावी आणि त्या काळात होणाऱ्या पार्टनरसोबत दोनचारदा स्वयंपाक करून पाहावा. मग सही करण्याआधी, एकाला मध्येच जावे लागल्यास नवा माणूस कोणी शोधायचा आणि तो मिळेपर्यंत भाडे कोणी भरायचे, हे दोघांनी कागदावर लिहून ठेवावे.