बाळाच्या छातीवर प्रोब ठेवण्याआधी

जन्मतः हृदयविकार असलेलं बाळ धापा टाकत आलं, की फुफ्फुसाची सोनोग्राफी जरूर करा, पण मशीन चालू करण्याआधी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, फाइल उघडा. व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) किंवा पीडीए (जन्मानंतर बंद न झालेली, महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी जोडणारी नळी) मोठा असेल तर फुफ्फुसात मुळातच जादा रक्त जातं आणि संसर्ग नसतानाही पडद्यावर बी-लाइन्स (फुफ्फुसात ओल वाढल्याच्या उभ्या पांढऱ्या रेषा) दिसतात. टेट्रालॉजीत (हृदयात जन्मतः चार दोष एकत्र असलेला विकार) उलट, तिथे फुफ्फुसात रक्त कमी पोचतं. अशा बाळात दाट बी-लाइन्स दिसल्या तर कारण दुसरीकडे शोधायचं. मोठ्या व्हीएसडी-पीडीएचं हे ठाऊक नसलं की न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक चालू होतं आणि लघवीचं औषध वाढवायचं राहून जातं.

म्हणून कोकणात गुहागर-देवगडकडच्या माणसांना घरून निघतानाच फोनवर सांगून ठेवा: जुना इको, डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांच्या बाटल्या, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसात भिजून शाई फुटलेला रिपोर्ट वाचता येत नाही.

मशीनची बॅटरी भरलेली हवी, जूनमध्ये लाइटचा भरवसा नाही. लिनियर प्रोब (छातीवर फिरवायचा, सपाट तोंडाचा) जोडा, फोकस प्लूराच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या, रेषेवर आणा, चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा. त्यांनी बी-लाइन्स पुसट होतात.

सगळ्यात जास्त वेळ बाळाला शांत ठेवण्यावर द्या. जेलची बाटली कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि आधी आपल्या मनगटावर लावून बघा. उपाशी ठेवायची, झोपेचं औषध द्यायची गरज नाही. "ताई, तुम्ही इथंच बसा, अंगावर पाजत राहा" म्हटलं की अर्धं काम होतं. टेट्रालॉजीचं बाळ रडता रडता एकदम निळं पडू शकतं. ऑक्सिजन हाताशी ठेवा आणि गुडघे छातीशी दुमडून कसे धरायचे हे सिस्टरांना आधीच दाखवा.

पुढून, बाजूने, पाठीमागून, वर आणि खाली, दोन्हीकडे बघायचं. पाठ टाळू नका. निजून असलेल्या बाळाच्या छातीतलं पाणी आणि मिटलेलं फुफ्फुस तिथंच सापडतं; आईच्या खांद्यावर बाळ असताना पाठ आयती मिळते. ऑपरेशन झालेलं असेल तर जखमेपाशी निर्जंतुक कव्हर आणि जेल वापरा, आणि श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) दोन्हीकडे हलतंय का तेही बघा. ते हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला इजा झाली असेल तर ती बाजू हलत नाही, किंवा श्वास घेताना उलटी वर जाते. व्हेंटिलेटरच्या दाबाखाली हे झाकलं जातं, बाळ स्वतःच्या जोरावर श्वास घेत असतानाच बघा.

क्लिप कोल्हापूरला किंवा मुंबईला कार्डिओलॉजिस्टकडे पाठवताना बाजू, बाळाचं वजन, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) आणि लघवीचं औषध शेवटचं कधी दिलं ती वेळ सोबत लिहा.