तिसऱ्या साफ करताना या चुका टाळा

तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, कालवण दाताखाली कचकचलं की दोष धुण्याला दिला जातो. पण नळाखाली चोळून फक्त शिंपल्याचं बाहेरचं अंग स्वच्छ होतं. रेती असते आत, मऊ आवरण आणि कल्ल्यांच्या मधल्या पोकळीत, आणि ती बाहेर टाकणं त्या जिवंत प्राण्यालाच जमतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिसऱ्या गोड्या पाण्यात भिजत घालणं. हा जीव खाडीच्या खारट पाण्यातला. गोडं पाणी लागताच तो शिंपला घट्ट मिटून घेतो आणि रात्रभर ठेवला तरी रेती आतच राहते. 1 लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ विरघळवा. मीठ वजन करूनच घ्या, कारण खडेमीठ आणि बारीक मीठ एका चमच्यात सारखं मावत नाही. परातीत रोळी (भोकांची चाळणी) ठेवून तिच्यात तिसऱ्या एका थरात पसरा, पाणी त्या जेमतेम बुडतील एवढंच घाला आणि काळोखात, हालचाल नसेल अशा जागी 2-3 तास ठेवा. थोड्या वेळाने कडेतून दोन आखूड नळ्या बाहेर येतात. एकीने पाणी आत जातं, दुसरीने बाहेर पडतं. कल्ल्यांनी गाळून नाकारलेले कण चिकट पदार्थात गुंडाळले जातात आणि तिसरी मध्येच झटक्याने मिटून ते बाहेर फेकते.

तरीही नळ्या दिसत नसतील तर पाणी फार गार आहे, मीठ कमी पडलंय किंवा भांड्यावर झाकण आहे. तिसऱ्यांना हवा लागते. आणि शेवटी परात ओतू नका, तळाची रेती परत त्यांच्यावरच पडते. रोळी अलगद उचला.

उघडी तिसरी मेलेलीच असते असं नाही. सांध्यावरचा लवचीक पट्टा शिंपला सतत उघडायला बघतो आणि दोन स्नायू तो ओढून धरतात. जीव गेला की स्नायू सैल पडतात. म्हणून उघडी दिसली तर दुसरीवर ठोका आणि मिनिटभर थांबा. फ्रीजमधून काढलेली असेल तर तिला थोडा जास्त वेळ द्या. मिटली नाही तर टाका. मिटलेल्याही तपासा: दोन्ही शिंपा चिमटीत धरून एकमेकींवर आडव्या सरकवून बघा. सरकल्या तर आत चिखलच आहे. अशी एक पातेल्यात फुटली की सगळा रस्सा गेला.

विळीवर उघडताना सांध्याच्या बाजूने जोर लावला की शिंपला फुटून कपच्या कालवणात जातात. पातं समोरच्या फटीत घाला, दोन्ही टोकांचे स्नायू कापा, आतलं पाणी वाटीत धरून फडक्यातून गाळा. चव त्याच पाण्यात आहे.

आत पारदर्शक, जेलीसारखी काडी दिसली तर जंत समजून सगळा वाटा फेकू नका. ती जठरातली पाचक काडी आहे, फिरत झिजते आणि अन्न पचवणारे रस सोडते. हिरवट-काळसर गोळा ही पाचकग्रंथी.

खारट पाण्यात ठेवून रेती जाते, विषारी शैवालांचं विष मात्र जात नाही, ते शिजवूनही टिकतं. सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीतल्या तिसऱ्या घेऊच नका. चांगल्या जागच्याही नुसतं तोंड उघडलं म्हणून उतरवू नका. मांस आतपर्यंत 90 अंश सेल्सिअसला किमान 90 सेकंद तापलं पाहिजे.