तीनपैकी दोनच पेटल्या

माझं पहिलं क्लस्टर रॉकेट, म्हणजे एकाच वेळी अनेक मोटर पेटवून उडवायचं मॉडेल रॉकेट, लॉन्चचा रॉड सुटताच कलंडलं, शेतावरून आडवं गेलं आणि नाक खाली करून गवतात रुतलं. एस्टेस कंपनीच्या सी६-५ मोटर (दारू भरलेल्या छोट्या नळ्या) होत्या तीन, पेटल्या दोन. रुतून पडल्यावर क्षणभराने 'फट्' आवाज झाला आणि पॅराशूट बाहेर आलं. सगळे हसले, मीही हसलो. मग घरी जाऊन रात्रभर कारण शोधत बसलो.

अमेरिकेत एमएसला आल्यावर मी इथल्या एका रॉकेट क्लबात जायला लागलो. महिन्यातून एकदा लॉन्च असतो. एका मोटरचं रॉकेट उडवताना इग्नायटरचा, म्हणजे विजेने तापून मोटर पेटवणाऱ्या बारीक तारेचा, फार विचार करावा लागत नाही. नाही पेटलं तर दुसरा घाला आणि पुन्हा बटण दाबा. क्लस्टरमध्ये ती सोय नाही. हिशोब करून बघा. शंभरातले पंचाण्णव इग्नायटर पेटतात असं धरलं, तर तीन एकदम पेटण्याची शक्यता ८६ टक्क्यांच्या आसपास येते. चारांना ८१, सातांना ७०. एकाला बरा वाटणारा इग्नायटर सातांना जुगार होतो.

त्या दिवशी माझं काय चुकलं? दोन इग्नायटर एका पाकिटातले होते, तिसरा डब्याच्या तळाशी पडलेला जुना. दोन झटकन पेटले, रॉकेट उठलं आणि तारा निसटल्या. तिसऱ्याला तापायला वेळच मिळाला नाही. तेव्हापासून ब्रँडचा वाद मी घालत नाही. क्लस्टरसाठी चांगला इग्नायटर म्हणजे शेजाऱ्यासारखाच वागणारा इग्नायटर.

म्हणून मी एका प्रकारचे, एकाच पाकिटातले घेतो आणि मोटरमध्ये घालण्याआधी प्रत्येकाचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) मल्टीमीटरवर मोजतो. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून तारांचा स्वतःचा आकडा बघायचा आणि तो वजा करायचा, कारण इथे गोष्ट एका ओहमच्या आतबाहेरची असते. एखाद्याचा आकडा शून्याजवळ आला तर त्याचे पाय कुठेतरी एकमेकांना चिकटलेत. काहीच आला नाही तर तार तुटली. बाकीच्यांपासून दूर पडलेला आकडा दिसला की तो इग्नायटर एका मोटरच्या रॉकेटसाठी बाजूला.

जोडणी नेहमी पॅरलल, म्हणजे प्रत्येक इग्नायटर बॅटरीला स्वतंत्र. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडले तर, जो आधी जळतो तो सगळ्यांचं सर्किट तोडतो. पण पॅरललचाही एक फसवा भाग आहे, आणि नवखे हमखास तिथेच फसतात. कंट्रोलरचा (लॉन्चचं बटण असलेल्या डब्याचा) कंटिन्युइटीचा, म्हणजे सर्किट जोडलेलं असल्याचं दाखवणारा, दिवा तिघांपैकी एकच इग्नायटर जोडलेला असला तरी लागतो! माझाही छान लागला होता. म्हणून प्रत्येक इग्नायटर तारा पिळण्याआधीच तपासायचा. नंतर दिव्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

करंटचं गणित सोपं आहे. एस्टेसच्या इग्नायटरला साधारण २ अँपियर लागतात, म्हणजे तिघांना ६. कंट्रोलरमधल्या चार पेन्सिल सेलकडून ही अपेक्षा करू नका. मी १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि जाड वायर वापरतो. क्लिपांवर प्रत्येक लॉन्चनंतर काजळी बसते, ती सँडपेपरने घासायची. कंटाळवाणं काम आहे, तरी करा.

क्लबातल्या एका आजोबांकडे क्वेस्ट कंपनीचे क्यू२जी२ इग्नायटर जपून ठेवलेले आहेत. ते अगदी कमी करंटवर पेटतात, म्हणून क्लस्टरवाल्यांचे लाडके. पण जुन्या कंट्रोलरचा कंटिन्युइटीचा बल्ब जेवढा करंट सोडतो, तेवढ्यावरही ते पेटू शकतात. म्हणजे तुम्ही 'तपासत' असतानाच रॉकेट निघालं! असे इग्नायटर वापरायचे तर आधी कंट्रोलर तपासताना किती करंट सोडतो ते मोजा.

ब्लॅक पावडरच्या मोटरमध्ये इग्नायटरचं टोक नॉझलमधून आत जाऊन दारूला टेकलंच पाहिजे, आणि तो धरून ठेवणारा प्लग घट्ट बसला पाहिजे. केसभर अंतर राहिलं तर तो जळतो, मोटर नाही. कंपोझिट मोटरमध्ये (यात दारूऐवजी रबरासारखं घट्ट इंधन असतं) तो वरपर्यंत सरकवतात, आणि तिला दाब धरायला जरा वेळ लागतो. म्हणून दोन जाती एका क्लस्टरमध्ये मिसळायच्या नाहीत.

खरी मोठी रॉकेटं उडवणाऱ्यांनाही हीच चिंता असते, याची मला गंमत वाटते. रशियाच्या सोयूझ रॉकेटच्या खाली बर्च लाकडाच्या काठ्यांवर बसवलेले इग्नायटर प्रत्येक चेंबरमध्ये घुसवतात. त्यात पितळेची एक तार असते. ती जळून तुटली की आग लागल्याचं कळतं. सगळीकडून खूण आल्याशिवाय उड्डाण पुढे जात नाही. आपल्याकडे ती तार नाही, म्हणून आपण आधीच ओहम मोजत बसतो.

इग्नायटर किंवा मोटर घरी बनवायच्या फंदात पडू नका. दिवाळीच्या बाणाची दारू तर अजिबात नको. बटण दाबूनही काही झालं नाही तर सेफ्टी की काढायची आणि ६० सेकंद जागचं हलायचं नाही. क्लबातले ते आजोबा हे मोठ्याने मोजतात, आणि चाळिसाच्या सुमारास कोणी पाऊल टाकलं तर पुन्हा एकपासून सुरू करतात.

मागच्या महिन्यात तेच रॉकेट नवं नाक लावून पुन्हा उडवलं. वहीत नोंद आहे: ०.६, ०.६, ०.७ ओहम. तिन्ही पेटल्या. पॅराशूट मात्र झाडात अडकलं, ते अजून तिथेच आहे.