फोर्टमधल्या केमोल्ड गॅलरीत चित्रं बघायला जाताना

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवलेल्या मुलांनाही विचारलं, ‘आजचे चित्रकार काय करतायत ते बघायला कुठे जाल?’ तर उत्तर एकच येतं, काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी. मी कल्याणला शाळेत चित्रकला शिकवते. जहांगीरच्या पुढेही मुलांनी जावं, म्हणून मी त्यांना केमोल्डचा पत्ता देते. मग पालकांचे फोन येतात. तिकीट किती? पास लागतो का? विकत घ्यायचं नसेल तर आत सोडतात का? तिकीट नाही, पास नाही आणि आत सोडतात. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या दारापाशी माणसं बिचकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेबद्दल. केकू आणि खोर्शेद गांधी या पारशी दांपत्याने 1963 साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. त्याआधी केकूंचा व्यवसाय चित्रांच्या फ्रेम बनवण्याचा, तो 1941 पासूनचा. हुसेन, आरा यांच्यासारख्या तेव्हाच्या तरुण चित्रकारांना गिऱ्हाईक नव्हतं, त्या काळात या माणसाने त्यांची चित्रं दुकानात मांडली. 1988 पासून त्यांची मुलगी शिरीन गांधी गॅलरी सांभाळू लागली आणि 2007 साली गॅलरी फोर्टमध्ये, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. रस्त्याचं आताचं नाव जी. तळवटकर मार्ग, जुनं प्रेस्कॉट रोड. म्हणून गॅलरीचं पूर्ण नाव केमोल्ड प्रेस्कॉट रोड.

सीएसएमटीहून डी. एन. रोडने हुतात्मा चौकाच्या दिशेने चालत निघा. चर्चगेटहूनही चालत जाता येतं. वाट चुकल्यासारखं वाटलं तर कॅथेड्रल शाळा विचारा. रस्त्यावर मोठी पाटी, काचेची शोकेस असं काही शोधू नका. जुनी दगडी इमारत, जुना जिना. वर गेल्यावर मात्र उंच छताचं प्रशस्त दालन लागतं आणि मुलं एकदम गप्प होतात.

निघण्याआधी गॅलरीची वेबसाइट किंवा इन्स्टाग्राम बघाच. फोर्ट-कुलाब्याच्या गॅलऱ्या साधारण अकरा ते संध्याकाळी सातपर्यंत उघड्या असतात आणि बऱ्याचशा रविवारी बंद. शिवाय एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायचं काम चालू असेल तर दालन बघायला मिळत नाही. कल्याण-डोंबिवलीहून दीड तास लोकलने येऊन बंद दार बघण्यापेक्षा एक फोन बरा.

आता जहांगीर आणि अशा गॅलरीतला फरक. हा नीट समजला की निम्मं दडपण जातं. जहांगीरचा हॉल चित्रकार भाड्याने घेतो. प्रदर्शन मंगळवार ते सोमवार, आठवडाभर. चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, आपण आत शिरलो की आशेने बघतो आणि आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. व्यावसायिक गॅलरीत चित्रकाराची निवड गॅलरी करते. ती त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहते आणि काम विकलं गेलं तर आपला वाटा घेते. हा वाटा बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास असतो. प्रदर्शन महिना, सव्वा महिना चालतं. चित्रकार अतुल दोडियांचं पहिलं एकल प्रदर्शन 1989 साली केमोल्डमध्ये झालं. चित्रकार जितिश कल्लाट जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्यावर 1997 साली याच गॅलरीतून लोकांसमोर आले. म्हणजे टेबलामागे बसलेली माणसं तुमच्याकडे आज गिऱ्हाईक म्हणून बघत नसतात. त्यांचा हिशोब लांबचा असतो, आणि चित्र बघायला माणसं येणं हा त्या हिशोबाचाच भाग आहे.

आत गेल्यावर नमस्कार करा आणि कामांची यादी मागा. भिंतीवर नावं नसतील तर कुठलं काम कुणाचं, कशात केलंय, हे त्या कागदावरून कळतं. सोबत प्रदर्शनाची माहितीही ठेवलेली असते. ती बहुधा इंग्रजीत, तीही जडशीळ. आधी वाचू नका. चांगले वाचक असलेले पालकसुद्धा ती दोन पानं वाचून ‘हे आपल्याला झेपणार नाही’ म्हणतात आणि चित्राकडे पाठ फिरवतात, हे बघून माझा जीव तुटतो. आधी चित्र, कागद शेवटी.

एक फेरी भरभर मारा, कुठेही न थांबता. मग ज्या कामाने मागे खेचलं, त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहा. लांबून, मग हातभर अंतरावरून, मग बाजूने. बाजूने बघितलं की रंगाचा थर दिसतो, कॅनव्हासची कड दिसते, कुठे रंग ओघळून सुकलाय ते दिसतं. माझ्या वर्गातली एक मुलगी एका मोठ्या कॅनव्हासच्या बाजूला उभी राहून म्हणाली, ‘बाई, इथे आधी हिरवा होता.’ खरंच, वरच्या राखाडी रंगाच्या कडेने खालचा हिरवा बारीक रेघेसारखा डोकावत होता. चित्रकाराने मत बदललं होतं आणि ते तिने पकडलं. मोबाइलवरच्या फोटोत ती रेघ दिसली नसती.

यादीतली माध्यमाची ओळ सोडू नका. जितिश कल्लाट यांचं ‘पब्लिक नोटीस’ हे 2003 सालचं काम घ्या. नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण त्यांनी रबराच्या चिकट द्रवाने अॅक्रिलिकच्या आरशांवर लिहिलं आणि ती अक्षरं पेटवली. उष्णतेने आरसे वेडेवाकडे झाले. भाषण वाचायला जावं तर जळक्या अक्षरांमागे आपलाच वाकडा चेहरा दिसतो. नुसतं ‘काळी अक्षरं’ म्हणून पुढे गेलात तर कामाचा गाभाच हुकला. मापांचंही तसंच: आधी उंची, मग रुंदी. छायाचित्र किंवा मुद्राचित्राच्या (ठशावरून छापलेल्या चित्राच्या) खाली 3/5 असं दिसलं तर पाच प्रतींपैकी ती तिसरी.

विचारायला लाजू नका, कारण काही कामं विचारल्याशिवाय पूर्ण दिसतच नाहीत. दोडियांनी दुकानांच्या शटरवर चित्रं केली आहेत. एका कामात शटरवर महालक्ष्मी आहे आणि शटर वर सरकवलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तिघी बहिणी. असं काम समोर आलं तर हात लावायचा नाही, तिथल्या माणसाला सांगायचं. व्हिडिओ मध्यापासून चालू असेल तर किती मिनिटांचा आहे ते विचारा आणि सुरुवातीची वाट बघा. सगळ्यांत जास्त माहिती पुष्कळदा काम भिंतीवर चढवणाऱ्या मदतनिसांकडे असते. काम किती जड होतं, खोका कसा उघडला, चित्रकाराने जागा कितीदा बदलायला लावली, हे ते मराठीत किंवा हिंदीत अगदी मोकळेपणाने सांगतात.

किंमत विचारली तर चालते का? चालते. भिंतीवर किंमत लिहायची पद्धत नाही, ती टेबलावर विचारायची. आकडा ऐकून दचकलात तर दचका, कुणी काही म्हणत नाही. खरंच घ्यायचं मनात असेल तर त्याच चित्रकाराची कागदावरची छोटी कामं किंवा मुद्राचित्रं आहेत का ते विचारा, ती कॅनव्हासपेक्षा बरीच स्वस्त असतात. जीएसटी धरून आकडा विचारा, हप्ते जमतात का विचारा आणि काम अस्सल असल्याचं प्रमाणपत्र बिलासोबतच घ्या.

फोटो काढायची परवानगी बहुधा मिळते, पण विचारून आणि फ्लॅश बंद करून. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या किंवा दाराशी ठेवा. वळताना सॅकच चित्राला लागते, हे मुलांना जिन्यातच सांगून ठेवा.

एकाच दिवशी पाच गॅलऱ्या करू नका. केमोल्डनंतर पाय चालत असतील तर ताज हॉटेलच्या मागची झवेरी कंटेम्पररी किंवा कुलाब्यातलं प्रोजेक्ट 88, या गॅलऱ्यांपैकी एकच. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा गॅलऱ्या एकदम नवी प्रदर्शनं लावतात आणि खास फेऱ्याही घडवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते दिवस सोपे. मला स्वतःला मात्र एरवीची मंगळवारची दुपार आवडते, दालनात आपण आणि चित्र एवढेच असतो.

निघताना टेबलावरच्या वहीत ईमेल लिहा, म्हणजे पुढच्या उद्घाटनाचं आमंत्रण येतं. त्या संध्याकाळी चित्रकार स्वतः हजर असतो. मुलांनी त्याला एकच प्रश्न विचारावा, ‘हे किती दिवसांत केलं?’ त्याच्या उत्तरातून बाकीचं आपोआप निघतं. आणि शिक्षकांना सांगते, आख्खा वर्ग नेणार असाल तर आठवडाभर आधी फोन करा, मुलांची संख्या आणि इयत्ता सांगा, आणि माहिती मराठीत किंवा हिंदीत सांगणारं कुणी असेल का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.