एलएसडीचा प्रीलोड वाढवताय? या चुका टाळा

"प्रीलोड वाढवून द्या, डिफ टाइट पाहिजे." गिऱ्हाईकाकडून हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. डिफ म्हणजे डिफरन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा. एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफ, एकच चाक मोकळं फिरायला लागलं तर दोन्ही चाकांना जखडणारा, त्यालाच लॉक म्हणतात. अरे बाबा, प्रीलोड म्हणजे लॉक नव्हे! प्लेटवाल्या एलएसडीत स्प्रिंगा प्लेटांना आधीपासून जेवढ्या दाबून धरतात तो प्रीलोड. खरं लॉकिंग रॅम्पमुळे, म्हणजे प्रेशर रिंगांमधल्या तिरक्या खाचांमुळे होतं, थ्रॉटल दिला की क्रॉस शाफ्ट रॅम्पवर चढतो, प्रेशर रिंगा बाहेर सरकतात आणि प्लेटा आवळतात. लॉक वाढवायचाय तर रॅम्पचा अँगल बघा, प्लेटांची मांडणी बघा, पण त्याला वेळ लागतो ना, आणि यांना शनिवारी गाडी पाहिजे असते.

वाकडचा एक पोरगा आला होता. डिफच्या कागदावर प्रीलोड 8 केजी-मीटर, म्हणजे साधारण 78 एनएम, आणि पठ्ठ्याने घरीच शिम (पातळ चकत्या) कोंबून कोंबून तो 20 वर नेलेला. पार्किंगमधून वळताना मागची चाकं कुईंकुईं घासायची, तरी म्हणे रेसिंगचा फील येतो! मग भर पावसात ताम्हिणीत स्टेअरिंग फिरवलं तरी नाक सरळच, गाडी थेट कडेच्या चरात. डिफ उघडला तर तेल डांबरासारखं, जळका वास, प्लेटा निळ्या पडलेल्या. बिल ऐकून गप्प बसला.

मी डिफ बसवल्यावर प्रीलोड मोजल्याशिवाय गाडी सोडत नाही. न्यूट्रल, हँडब्रेक खाली, जमिनीवरच्या तिन्ही चाकांना लाकडी ठोकळे, एक मागचं चाक वर आणि हबवर काट्याचा टॉर्क पाना. क्लिकवाला नको, चाक सुटताना काटा कुठे जातो ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तीनदा मोजतो, पोरं हसतात, हसू देत.

कागदावर फूट-पाउंड असेल तर एनएमसाठी 1.36 ने गुणा, अंदाजपंचे नको.

रेटिंगचा, म्हणजे डिफ किती टॉर्क झेलतो त्या आकड्याचा, घोळ वेगळाच. इंजिन 300 एनएम, डिफ 1000 ला पास, मग भरपूर झालं? पहिला गिअर 4 पट टॉर्क वाढवणारा धरला तर पिनियनवरच (डिफमध्ये शिरणाऱ्या छोट्या गिअरवर) 1200 होतात, आणि क्राऊन-पिनियनची (पिनियन आणि तो फिरवतो त्या मोठ्या गिअरची) जोडीही 4 पटीची असेल तर डिफच्या केसवर 4800. रेटिंग कुठल्या टोकाचं आहे, पिनियनचं की केसचं, ते घेण्याआधी विचारा.

नाना पेठेतून "चालतं हो" म्हणत मिळालेलं साधं गिअर ऑइल ओतू नका, एलएसडीचंच घ्या, नाहीतर प्लेटा वळणावर कटकटणार. आणि एक चाक जॅकवर असताना गिअर टाकायचा नाही, दुसरं चाक जमिनीवर आहे, ते गाडीला जॅकवरून ढकलून देतं.