खाऱ्या पाण्यातील पहिली प्रवाळ-टाकी घरात उभारताना

घरी प्रवाळ-टाकी कशी उभारावी याविषयीचे बहुतेक लेखन थंड देशांत झालेले आहे. त्यामुळे त्यात साहित्याच्या यादीत हीटर सर्वांत वर असतो आणि पाणी थंड ठेवण्याचा विषय शेवटी दोन ओळींत आटोपतो. मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील घरात मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. आपल्याकडे टाकी बिघडते ती एप्रिल-मेच्या उकाड्याने, भर दुपारी गेलेल्या विजेने आणि पहिल्या दोन महिन्यांत केलेल्या घाईने. टाकीची आखणी करताना या तिन्हींचा विचार आधी करावा.

टाकी फार लहान घेऊ नये. 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच अशा टाकीत सुमारे 120 लिटर पाणी मावते, आणि नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका एवढे पाणी बऱ्यापैकी सांभाळून घेते. 30 लिटरच्या टाकीत तीच चूक काही तासांत जीवघेणी ठरू शकते. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालची सम्पची (पंप आणि गाळणी ठेवण्याची) टाकी मिळून हे वजन 200 किलोंच्या आसपास जाते, म्हणून जागा निवडताना ती जमिनीला समपातळीत, भिंतीलगत आणि थेट उन्हापासून दूर असावी. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल आणि सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. या जोडणीला वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी अवश्य बसवून घ्यावा.

आता उष्णतेकडे वळू. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाला बरेचसे अन्न त्याच्याकडूनच मिळते. पाणी सतत तापलेले राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्ती 1998 मध्ये याच कारणाने मोठ्या प्रमाणावर पांढऱ्या पडल्या होत्या. घरच्या टाकीत तापमान 25 ते 27 अंशांदरम्यान आणि शक्य तितके स्थिर ठेवावे. पंप आणि दिवे स्वतःही पाणी तापवतात, त्यामुळे खोलीचा पारा 33 वर असताना टाकी आपोआप त्याखाली राहील अशी आशा धरू नये. पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. नागपूरच्या कोरड्या हवेत तो चांगले काम करतो, मुंबईच्या दमट हवेत मात्र फारसे नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा आणि चिलर बंद कपाटात ठेवू नये, कारण तो स्वतःची गरम हवा तिथेच कोंडून घेतो. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पाणी गार पडते, म्हणून तेथे 100 वॉटचा हीटरही जोडून ठेवावा.

टाकीसाठी नळाचे पाणी वापरू नये, आणि स्वयंपाकघरातील आरओ यंत्राच्या पाण्यावरही विसंबू नये. घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडे खनिज पाणी मिसळले जाते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, बहुधा शून्य नसतो. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांची) नळी जोडून टीडीएस शून्य झाल्याची मीटरने खात्री करावी. तांब्याच्या हंड्यातील किंवा कळशीतील पाणी टाकीत कधीही घालू नये. तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना घातक ठरतो. झुरळ-डासांचे फवारेही टाकीच्या खोलीत वर्ज्य मानावेत.

या शुद्ध पाण्यात रीफ, म्हणजे प्रवाळ, टाकीसाठीचे तयार मीठ मिसळावे. 100 लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो मीठ लागते. आधी पाणी घेऊन त्यात पंप सुरू करावा आणि मीठ हळूहळू सोडावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचा साका होऊन ते पाण्यातून निघून जातात. मिश्रण चोवीस तास फिरू द्यावे. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026, दिसली पाहिजे. हे उपकरण साध्या पाण्यावर जुळवून भागत नाही, 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावे.

टाकीतून उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून पातळी घटली की ती भरून काढायला शुद्ध गोडे पाणीच घालावे. माझ्या पहिल्या टाकीत मी आठवडाभर रोज सुमारे दोन लिटर खारे पाणी घालत राहिलो आणि काचेवरची पातळी रेघेला टेकली की समाधान मानत राहिलो. सातव्या दिवशी गोगलगायी तळाशी दार मिटून पडलेल्या दिसल्या. मोजले तेव्हा क्षारता 40 च्या घरात पोहोचली होती. त्यांपैकी दोनच वाचल्या. काचेवर आज मारलेली रेघ उद्या किती पाणी उडाले ते सांगते, पण मीठ किती आहे ते फक्त रिफ्रॅक्टोमीटर सांगतो. पाण्याची पातळी आपोआप राखणारे यंत्र परवडत असेल, तर ते दिव्यांच्याही आधी घ्यावे.

वीज गेल्यावर दोन गोष्टी घडतात. मुख्य टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरते आणि पाण्याची हालचाल थांबल्याने प्राणवायू घटू लागतो. पहिल्यासाठी सम्पमध्ये रिकामी जागा राखावी, सम्पमधून वर येणाऱ्या परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून पाणी उलटे ओढले जाणे थांबेल, आणि टाकीत एकही जीव नसताना मुख्य स्विच बंद करून पाणी कुठवर चढते ते स्वतः पाहावे. दुसऱ्यासाठी घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा छोटा पंप) जोडला तरी पुरते; तो पृष्ठभाग ढवळत राहिला, की मासे तग धरतात.

टाकीत रचायच्या दगडांच्या बाबतीत कायदा नीट समजून घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण अभयारण्याबाहेरून उचललेला प्रवाळाचा तुकडाही गुन्हाच ठरतो. टाकीसाठी सच्छिद्र सिरॅमिक दगड घ्यावेत, साधारण 10 ते 12 किलो. त्यांची रचना कमानी आणि पोकळ्या राहतील अशी सैल करावी, म्हणजे पाणी मागूनही वाहील.

दगड, वाळू आणि खारे पाणी भरले की टाकी निदान चार ते सहा आठवडे माशांविना चालवावी. कोळंबीचा एक छोटा तुकडा किंवा अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया सुमारे 2 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) नेला, की जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करू लागतात. अमोनिया तपासण्याच्या किटमधील परीक्षानळीतील द्रव सुरुवातीला हिरवा होतो. पुढे एक दिवस असा येतो, की आदल्या दिवशी घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन द्रव पिवळाच राहतो. तो दिवस उजाडेपर्यंत मासा आणू नये. यानंतर दगडांवर तपकिरी थर येतो आणि कधीकधी हिरवे केसाळ शैवालही वाढते. त्यावर औषध घालू नये, दिवे सहा तासांवर आणावेत आणि गोगलगायी सोडाव्यात.

पहिले मासे म्हणून क्लाउनफिशची जोडी योग्य, तीही समुद्रातून पकडलेली नव्हे, तर पैदाशीतील. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतील मोठा मासा मादी होतो, म्हणून दुकानात नर-मादी विचारत बसण्यापेक्षा एक मोठा आणि एक लहान निवडावा. त्यांना चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नाही याची खात्री करावी. त्यावरचे तांबेयुक्त औषध मुख्य टाकीत कधीही वापरता येत नाही.

प्रवाळ आणण्याची घाई तिसऱ्या महिन्यापर्यंत करू नये. सुरुवात मश्रूम, लेदर आणि झोअँथिड या मऊ प्रवाळांपासून करावी आणि विक्रेत्याकडून पावती घ्यावी. अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण, डीकेएच या एककात) 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम आणि नायट्रेट 2 ते 10 पीपीएम असावे; नायट्रेट अगदी शून्यावर नेले, तर मऊ प्रवाळ उलट कोमेजतात. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने धुऊ नये, कारण त्यातील पॅलिटॉक्सिन वाफेबरोबर श्वासात गेल्यास माणसाच्या जिवावर बेतू शकते.

नवा तुकडा प्रथम तळाशी, कमी उजेडात ठेवावा. तो एक-दोन दिवस मिटून राहतो. या काळात त्याला हलवू नये. मग एखाद्या सकाळी दिवे लागल्यावर एक तोंड उघडते, दुपारपर्यंत शेजारची तीन-चार उघडतात आणि कडेचे बारीक तंतू प्रवाहात हलू लागतात. तुकडा असा आठवडाभर रोज उघडत राहिला, की त्याला थोडे वर, उजेडाकडे सरकवावे. दर आठवड्याला 10 लिटर पाणी बदलत राहावे आणि पुढचा प्रवाळ महिन्यानंतरच आणावा.