छोटा कॅमेरा पारखताना या चुका टाळा

दुकानात काढलेला फोटो सहसा चांगलाच येतो. उजेड भरपूर, समोरचा माणूस हसून स्तब्ध उभा, आणि निकाल बघायचा तो तीन इंची स्क्रीनवर. एवढ्याशा स्क्रीनवर जवळजवळ कुठलाही फोटो लख्ख दिसतो. तिथल्या तिथे मत बनवणं ही पहिली चूक. जमलं तर स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चार-पाच फोटो काढा आणि घरी संगणकावर १०० टक्के मोठे करून बघा. रोजच्या वापरात कॅमेरा अडतो तो संध्याकाळी, घरातल्या एकाच दिव्याच्या उजेडात.

मेगापिक्सेलवर जास्त वेळ घालवू नका. ए४ कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात. त्यापेक्षा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, केवढा आहे ते विचारा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे जेमतेम ६.२ × ४.६ मिमी. ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा १३.२ × ८.८ मिमीचा असतो (पट्टी लावून इंच शोधू नका). तरी क्षेत्रफळ चौपट, आणि कमी उजेडात हा फरक डोळ्यांना दिसतो.

झूमचा आकडाही असाच भुलवतो. डिजिटल झूम हिशेबातच धरू नका, ते फक्त फोटो कापून मोठा करणं आहे. ऑप्टिकल झूममध्ये (लेन्स सरकून होतो तो) लेन्सवर छापलेले एफ-आकडे वाचा. ते लेन्सचं भोक किती उघडतं ते सांगतात, आकडा मोठा तर प्रकाश कमी. एफ/२.८ ची लेन्स पूर्ण झूमला एफ/५.६ होत असेल, तर आत येणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. घरात मग ते लांबचं टोक फारसं कामाचं राहत नाही.

आता सगळ्यात नेहमीची तक्रार: ‘फोटो हलतात.’ कॅमेऱ्याला नावं ठेवण्याआधी फोटो नीट बघा. अख्खी चौकट एकाच दिशेने फरफटल्यासारखी दिसत असेल, तर हात हलला. मागची भिंत स्पष्ट आणि मूल तेवढं पुसट, अशी स्थिती असेल तर दोन शक्यता. मुलाच्या हाताच्या कडा ओढल्यासारख्या दिसत असतील तर मूल हललं. मूल सगळंच सारखं मऊ, म्हणजे धूसर, असेल तर फोकस भिंतीवर बसला. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) फक्त पहिल्या दुखण्यावरचं, हात हलण्यावरचं, औषध आहे, पळणाऱ्या मुलाला ते थांबवत नाही. फोटोच्या माहितीत शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं होतं ते, बघा. १/१५ सेकंद दिसला तर उत्तर मिळालंच. ऑटो आयएसओची (कॅमेरा आपोआप ठरवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा वाढवा आणि सोय असेल तर किमान शटर १/१२५ ठेवा. उड्या मारणाऱ्या मुलाला १/२५० तरी हवा. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ द्यात. दाणेदार फोटो ठेवता येतो, हललेला पुसूनच टाकावा लागतो.

फोकस चुकत असेल तर बटण आधी अर्धं दाबून चौकट हिरवी होऊ द्या. आणि सगळेच फोटो धुरकट येत असतील, तर दुरुस्तीला नेण्याआधी काचेवरचा बोटाचा ठसा पुसा. हसू नका, बऱ्याचदा एवढंच असतं.

लेन्स तपासायला वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा आणि अगदी समोरून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ आले तर चालेल. एकच बाजू पुसट आली तर लेन्स तिरकी बसली असण्याची शंका घ्या. फोटो परत काढा, आणि तेच दिसलं तर कॅमेरा बदलून मागा.

वापरलेला कॅमेरा घेताना लोक किंमत बघतात आणि कार्ड विसरतात. एसडीएचसी, म्हणजे २ जीबीहून मोठी एसडी कार्डं, २००६ साली आली. त्याआधीचे कॅमेरे बहुधा २ जीबीपर्यंतचं साधं एसडीच वाचतात, काहींना तर एक्सडी नावाचं वेगळ्याच जातीचं कार्ड लागतं, जे आता बनतच नाही. धूळही तपासा. एफ/८ ठेवून, थोडा झूम करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका आला तर धूळ सेन्सरवर आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे साफ करायचा म्हणजे कॅमेराच उघडायचा. तो खर्च भावात धरा.